धोंडूअप्पांचा कडता

बोर्डीचे धोंडूअप्पा सावे गॅसचा सिलेंडरसुद्धा तोलून घेतात. गाडीवाला पोऱ्या कंटाळून म्हणतो, "अप्पा, सील हाये, बघा ना." पण सील पाहून समाधान मानणाऱ्यांतले अप्पा नव्हेत. साखरेची पुडी, कोंबड्यांचं खाद्य, रद्दी, झाईहून मित्राने प्रेमाने आणलेले सुके बोंबील, सगळं आधी पडवीतल्या तराजूत जातं आणि मग घरात. मित्राच्या देखत तोलतात, लाजत नाहीत.

याला कारण आहे. एकतीस वर्षं अप्पांनी चिकूच्या वखारीत काट्यावर काढली. बागाईतदार खोकी घेऊन यायचे, अप्पा तोलायचे, व्यापारी कडता कापायचा. शंभर किलो माल आला की त्यातले तीन-चार किलो धरायचेच नाहीत. म्हणायचं, वाळेल, पिचकेल, नासेल. हा जो कापलेला भाग, तो कडता. दिसायला मूठभर, पण वर्षाच्या शेवटी त्यात कोणाची तरी मोटरसायकल यायची. काट्याला कोण बोट लावतो, कोण खोक्याखाली ओलं पोतं घालतो, हे अप्पांना झोपेत कळायचं. त्यामुळे बागाईतदारांचा अप्पांवर विश्वास, आणि अप्पांचा कोणावरच नाही. नोकरी सुटली तरी ही खोड सुटली नाही. बिचाऱ्या तुळशीकाकू, म्हणजे अप्पांची बायको, जाईपर्यंत एकच गोष्ट बोलत राहिल्या: "ह्यांनी मला पण तोलूनच आणलंय."

तुळशीकाकू गेल्या त्याला सहा वर्षं झाली. मागे राहिली हेमाली. हेमाली अप्पांची मोठी मुलगी, वय चौतीस, पण समज सात-आठ वर्षांवर थांबलेली. तिला फिट येतात म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या ठोक्याला गोळी लागते. तिला जगात दोन गोष्टी आवडतात: केस विंचरून घेणं आणि तराजूत वजनं ठेवणं. अप्पा तोलायला बसले की किलोचं वजन हेमालीनेच ठेवायचं, दुसऱ्या कोणी हात लावला तर ती जेवत नाही.

आपण गेल्यावर हिचं काय, या एका प्रश्नाने अप्पांची झोप कित्येकदा मोडली होती. मुलगा जतीन सिल्वासाच्या कारखान्यात शिफ्टला, दोन दिवसांआड घरी. तो चांगला आहे, पण कोणी गोड बोललं की सही करून मोकळा होणारा. आणि सून मयुरा वाणगावची. तलासरीच्या एका शाळेत क्लार्क, रोज स्कूटरवरून जाते-येते. हेमालीची आंघोळ, वेणी, गोळी सगळं तिच्याकडे. नऊ वर्षं एक गोळी चुकली नाही. दुसरा सासरा असता तर देवापुढे साखर ठेवली असती. अप्पा मात्र पडवीतून बघत राहायचे आणि मनात म्हणायचे, एवढं करते म्हणजे हिच्या मनात काहीतरी असणार.

ते काहीतरी म्हणजे हेमालीचे पैसे.

दहा वर्षांपूर्वी वखारीतून सुटताना अप्पांनी हेमालीच्या नावाने महिन्याला चार हजार बाजूला टाकायचं ठरवलं होतं. वाट दाखवली झाईच्या नारूने. नारू मांगेला कोळ्यांचा, घरी होडी, पण समुद्र लागतो म्हणून विम्याचा एजंट झालेला. दोघे शाळेत एका बाकावर होते. नारू बोलला, "धोंडू, इंडेक्स फंडात टाक. देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या, सगळ्यांतलं थोडं थोडं. निवडायचं काय नाय."

"निवड नाही म्हणजे निवडणाऱ्याची लबाडी नाही. झाडावरून उतरला तसा सगळा माल," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच न तोलता सही केली. पैसे अप्पांच्या नावावर, वारस म्हणून जतीन. हेमालीचं नाव कागदावर नाही, पण अप्पांच्या लेखी प्रत्येक रुपया तिचा.

न तोलता म्हटलं ते सहीपुरतंच. दर महिन्याला कागद आला की अप्पा चष्मा लावून एकच रकाना बघायचे: युनिटचा. रुपयांकडे ते ढुंकून पाहत नसत. "रुपये म्हणजे भाव. भाव वर जातो, खाली येतो. युनिट म्हणजे माल. माल कमी झाला तर बोला," असं त्यांचं गणित. युनिट किती झाले ते तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. जुनी कॅलेंडरं गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत. दहा वर्षांत तो आकडा एकदाही मागे आला नव्हता, आणि अप्पा एवढ्यावर खूश होते.

गेल्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी मयुरा हेमालीची वेणी घालता घालता म्हणाली, "अप्पा, तुमचा फंडाचा कागद मी बघितला. यात कडता फार जातोय."

अप्पांच्या मनात पाल चुकचुकली. एक तर हिने कागद बघितला. दुसरं म्हणजे कडता हा शब्द. हा आपला शब्द. तलासरीच्या शाळेत कडता शिकवत नाहीत. म्हणजे ही आपलाच शब्द आपल्याला विकायला बसली आहे.

"कसला कडता?"

"ही कंपनी शंभर रुपयांमागे वर्षाला नव्वद पैसे कापते. दुसऱ्या कंपनीचा असाच फंड आहे, त्याच पन्नास कंपन्या, पण आपण थेट घेतला तर वीस पैसेच कापतात. माल तोच आहे, काटा बदलायचा. हेमालीताईंना अजून तीस-चाळीस वर्षं पुरायला पाहिजेत ना? तेवढ्या वर्षांचा कडता मोजा."

अप्पांनी मनातल्या मनात मोजला, आकडा मोठा निघाला. तरी तोंडाने म्हणाले, "मग वरचे सत्तर पैसे कोण खातं?"

मयुराने वेणीला गाठ मारली. "थोडे कंपनी. बाकीचे नारूकाका."

त्या रविवारी नारू नेहमीसारखा आला. गेली दहा वर्षं दर रविवारी सकाळी तो येतो; हातात बोंबलाची नाहीतर सुकटीची पुडी, अर्धा तास गप्पा, चहा, की चालला. अप्पांनी पुडी तोलली, हेमालीने वजन ठेवलं, आणि अप्पांनी काट्यावरची नजर न काढताच विचारलं, "नारू, माझ्यामागे तुला किती मिळतात?"

"तुझ्यामागे? आता वर्षाला चारेक हजार होत असतील. पहिल्या वर्षी दीड-दोनशे पण नव्हते."

"आणि हे मला आज सांगतोस?"

नारूने कप खाली ठेवला. "पहिल्या दिवशी सांगितलेलं. ह्याच पडवीत. तू काय बोललास आठव. बोललास, तुझा कडता तूच खा नारू, परक्याला देऊ नको."

अप्पांना आठवलं. शब्दन् शब्द आठवला, आणि आठवला म्हणून जास्तच राग आला. लॉकडाऊन लागला तेव्हा बाजार कोसळला होता, आणि अप्पा सगळं विकायला निघाले होते. नारू झाईहून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत आला होता, तोंडाला रुमाल बांधून चिकूच्या झाडाखाली लांब बसला होता आणि दीड तास एकच बोलत होता: विकू नको, धोंडू. तेव्हा अप्पांना वाटलं होतं, मित्र असावा तर असा. आता वाटलं, चार हजारांसाठी आला असेल.

"सूनबाई बराबर बोलते," नारू उठता उठता म्हणाला. "बदलून टाक. तुला आता माझी गरज नाय."

हे ऐकून अप्पा निवांत व्हायला हवे होते. पण स्वतःचा चार हजारांचा घास माणूस इतक्या सहज कसा सोडतो? नारू आणि मयुरा दोघं मिळून तर नाहीत? अप्पा दोन दिवस हाच विचार चघळत बसले, आणि शेवटी सत्तर पैशांच्या हिशेबाने त्यांना हरवलं. त्यांनी बदलायला होकार दिला, पण अटींवर. फोन त्यांचा, खातं त्यांचं, फोनवर ओटीपीचा नंबर येईल तो तेच वाचणार, बटणही तेच दाबणार.

मयुराने सगळं मान्य केलं. म्हणाली, "एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत सरळ जाता येत नाही अप्पा. आधी विकायचं, पैसे तुमच्या बँकेत येतात, मग नवीन घ्यायचं. अर्धं मार्चमध्ये करू, अर्धं एप्रिलमध्ये. वर्ष बदललं की करातली सूट परत मिळते."

चोरही गोणी एकदम उचलत नाही, खेपा करतो, हे अप्पांनी वखारीत पाहिलं होतं. मार्चमध्ये पैसे खात्यात येऊन दोन दिवस पडले, त्या दोन दिवसांत अप्पा तीनदा पासबुक भरून आले. कॅशियर म्हणाला, "काका, सकाळचाच आकडा आहे." एप्रिलमध्येही तेच. रुपया हलला नाही. अप्पांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून ते अधिकच सावध झाले.

इकडे दोन रविवार नारू आला नाही. पडवीत चहाचे दोन कप निघायचे ते एकच निघू लागले. "बघितलंस?" अप्पा हेमालीला म्हणाले, "कडता बंद, चहा बंद." हेमाली हातात किलोचं वजन घेऊन फाटकाकडे बघत होती. अप्पांना फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला मयुराने नव्या फंडाचा कागद छापून आणला आणि सकाळी कामावर जाताना अप्पांच्या चष्म्याखाली ठेवला. दुपारी अप्पांनी तो उघडला. बोट युनिटच्या रकान्यावर आलं. चार हजार सहाशे सत्तर. त्यांनी कॅलेंडर बघितलं. मार्च-एप्रिल अदलाबदलीत म्हणून कोरे सोडले होते; फेब्रुवारीच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, छत्तीस हजार चारशे.

अप्पांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. एकतीस वर्षांत एवढा कडता त्यांनी पाहिला नव्हता. कडता कसला, सबंध गाडीच पळवली होती. दहा वर्षं आकडा मागे आला नव्हता, आणि सुनेचा हात लागताच बत्तीस हजार युनिट गेले.  हेमाली तिथेच खाली बसून चिकूची पानं मोजत होती, पाचच्या पुढे तिला जमत नाही, पुन्हा एकपासून सुरू करत होती. तिच्याकडे बघून अप्पा कागद घेऊन फाटकाकडे तोंड करून बसले.

सहाला पाच-दहा मिनिटं असताना स्कूटर फाटकातून आत आली. अंगणाला लागूनच्या अप्पांच्या छोट्या वाडीत चिकू निवडायला बायका बसल्या होत्या, शेजारची सोनूबाई त्यांच्यात होती. मयुराच्या डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. अप्पा अंगणाच्या मधोमध उभे राहून ओरडले, "हेमालीचा बत्तीस हजारांचा माल कुठे गेला?"

"कुठला माल, अप्पा?"

"युनिट! छत्तीसचे चार झाले! मला काटा शिकवतेस? वाणगावला तुझ्या भावाचं घर बांधतायत ना? स्लॅब पडला का आमच्या हेमालीच्या पैशांनी?"

निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. मयुराने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अप्पांच्या हातातला कागद तिला दिसला, आणि काय झालं ते तिला कळलं असावं, कारण ती एकदा "अप्पा, युनिटचा भाव—" असं म्हणाली. पण भावाच्या घराचे शब्द तेवढ्यात तिच्यापर्यंत पोचले. तिने हेल्मेट काढलं, चपला काढल्या, आत गेली. सहा वाजले होते. आतून तिचा आवाज आला, "हेमालीताई, आ करा."

अप्पांनी नारूला फोन लावला. दोन रविवार न आलेल्या माणसाला फोन करताना त्यांना अपमान वाटला, पण पोलिसात जायचं तर साक्षीला कागद कळणारा माणूस पाहिजे. "मी येतो," नारू बोलला, "तोवर कुठे जाऊ नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा फाटकाशी थांबली. नारू उतरला तो काळा चष्मा लावून, पुतण्याचा हात धरून. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तीन आठवडे धूळ-ऊन टाळायला सांगितलं होतं. "बायकोला बोललो होतो तुला फोन करून कळव," तो म्हणाला, "ती विसरली." अप्पांनी त्याला हात धरून पडवीत बसवलं.

नारूने कागद डोळ्याशी नेला, लांब धरला आणि पुतण्याकडून दोन आकडे वाचून घेतले. मग हाक मारली, "हेमाली, वजन आण."

हेमाली धावत किलोचं वजन घेऊन आली आणि तिने ते पारड्यात ठेवलं. नारूने निवडलेल्या ढिगातून बारीक चिकू घेतले, लिंबाएवढे. एकेक करत ठेवले. काटा मध्ये आला तेव्हा बावीस झाले होते. ते त्याने उतरवले आणि कोसबाडहून आणलेल्या कलमांचे मोठे चिकू चढवले. सात झाले आणि काटा मध्ये आला.

"किती वजन?"

"किलो," अप्पा म्हणाले.

"आणि आधी?"

"किलोच."

"बावीसचे सात झाले. पंधरा चिकू सूनबाईने खाल्ले काय?"



"जुन्या फंडाचा एक युनिट पंचवीस रुपयांचा होता, नव्याचा एकशे पंचाण्णवचा. बारीक नग आणि मोठा नग. ह्या कोपऱ्यात बघ, एकूण रक्कम. मधला कर सोडला तर नऊ लाख तिकडे, नऊ लाख इकडे. वजन म्हणजे ही रक्कम, धोंडू. युनिट म्हणजे नग." नारूने चष्मा सारखा केला. "जनम काट्यावर काढलास, आणि दहा वर्षं नग मोजत बसलास."

तोलणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. नग मोजून माल घेणारे बाजारात हसण्यावारी जातात. अप्पांनी कॅलेंडरकडे बघितलं. एकशेवीस महिन्यांचे आकडे त्यांनी जपून लिहिले होते, आणि त्यांतला एकही वजनाचा नव्हता. त्यांना लाज वाटली. पण नग मोजल्याची लाज थोडी होती. अंगणात काल बोललेल्या त्या भावाच्या घराच्या वाक्याची लाज फार होती.

"नारू," चिकू ढिगात परत टाकत ते म्हणाले, "तुला आता माझ्यामागे काय मिळतं रे?"

"बायकोच्या शिव्या. डोळ्यात थेंब टाकायची वेळ टळली," नारू म्हणाला आणि पुतण्याचा हात धरून रिक्षाकडे गेला.

संध्याकाळी मयुरा आली. बायका निवडायला बसल्याच होत्या. अप्पा मुद्दाम त्यांच्यासमोरच बोलले, कारण कालचं त्यांच्यासमोरच बोललं होतं. "सोनूबाई, काल मी चुकलो. युनिटचं मला कळलं नव्हतं. पैसे पुरे आहेत." सोनूबाई "हा हा" म्हणाली आणि चिकू निवडत राहिली. मयुरा स्कूटर स्टँडवर लावून उभी होती.

ती आत गेल्यावर अप्पा तिच्या मागे गेले. त्यांच्या हातात कागद होता. "वारसाच्या जागी जतीनचं नाव आहे. ते काढ. तुझं घाल. माझ्यामागे हेमालीचे पैसे तुझ्याच हातात असू देत."

त्यांना वाटलं होतं, ही नको नको म्हणेल आणि मग घालेल. मयुरा हेमालीचे केस सोडत होती. तिने कंगवा थांबवला नाही.

"नको अप्पा."

"का? मी माफी मागितली ना?"

"मागितलीत. पण नाव नको. हेमालीताईंचं मी करतेच, पुढेही करीन, त्याला कागद लागत नाही. पण कागदावर माझं नाव आलं की तुम्ही परत पडवीतून बघत बसणार. मी कंगवा फिरवला तरी तुम्ही मोजणार. नऊ वर्षं मला ते दिसतंय, अप्पा." तिचा आवाज चढला नाही. "पैसे तुम्ही कोणाच्याही नावावर ठेवा. माझ्या नको."

अप्पा कागद घेऊन पुन्हा पडवीत आले. ज्या बाईच्या हातात हेमालीला निर्धास्त सोपवावं अशी एकच बाई त्यांच्या घरात होती, आणि त्यांनी नऊ वर्षं तिला पारड्यातून खाली उतरू दिलं नव्हतं. त्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, लपवायला तिथे हेमालीशिवाय कोणी नव्हतं.

पुढच्या रविवारी नारू आला, काळा चष्मा, हातात बोंबलाची पुडी. अप्पांनी पुडी घेतली आणि तशीच आत न्यायला निघाले. हेमाली वजन घेऊन वाटेत उभी राहिली. बाप बाजूने जातो आहे हे पाहून तिचा चेहरा रडवेला झाला. आतून मयुराचा आवाज आला, "तोला अप्पा. ती जेवणार नाही नाहीतर."

अप्पा बसले. हेमालीने वजन ठेवलं, अप्पांनी पुडी ठेवली. काटा कुठे थांबला ते त्यांनी बघितलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत ते मोठ्याने म्हणाले, "बराबर आहे."

मयुराने ते ऐकलं की नाही, अप्पांना कळलं नाही. विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.